नऊशे चव्वेचाळीस

दुपारच्या जेवणानंतर सुस्तावून एक्सेलमधला पावसाचा रकाना न्याहाळावा, आणि बारा, अठरा, नऊच्या घोळक्यात ९४४ दिसावा. बोट आधी डिलीटकडेच जातं. दशांशचिन्ह निसटलं असणार, ९४.४ असेल!

समजा, दहा दिवसांच्या नोंदी आहेत, मिलिमीटरमध्ये: १२, १८, ९, २५, ३१, १४, २२, १६, २०, ९४४. सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडे गेला तो संशयित, हा कॉलेजातला नियम. (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप.) इथे सरासरी १११.१, प्रमाण विचलन २९३. म्हणजे ९४४ जेमतेम २.८५ विचलनांवर, सहीसलामत सुटला! कारण सरासरी आणि विचलन दोन्ही त्यानेच फुगवलेली. दहाच नोंदी असतील तर कुठलाही आकडा, अगदी एक कोटीसुद्धा, २.८५च्या पुढे जाऊच शकत नाही. तरी दहा नोंदींवर तीनचा नियम लावणारे भेटतात. असो.

संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकीची रीत बरी. नोंदी चढत्या क्रमाने लावा. खालच्या पाचांचा मध्यक, म्हणजे मधला आकडा, १४, वरच्या पाचांचा २५. फरक ११, त्याची दीडपट १६.५. ती २५मध्ये मिळवली की वरचं कुंपण, म्हणजे वरची मर्यादा, ४१.५, ९४४ लगेच सापडतो. खालचं कुंपण मात्र उणे २.५. उणे पाऊस कुठे पडतो? म्हणून खालच्या बाजूची चोरी या रीतीला दिसतच नाही: नोंद घ्यायची राहिली आणि कुणीतरी शून्य भरून मोकळा झाला. शिवाय वर्षभराचा पाऊस एकत्र केला, तर कोकणातला जुलैचा बराच पाऊस कुंपणाबाहेर पडतो. जुलै जुलैशीच ताडावा.

मग शेजारचं केंद्र बघा, म्हणतात. सल्ला शहाणाच. पण २६ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठपासून पुढच्या चोवीस तासांत कुलाब्याला पाऊस पडला सुमारे ७४ मिलिमीटर, आणि सांताक्रूझला ९४४. कुलाब्याची साक्ष काढली असती तर ९४.४ अगदी शोभून दिसला असता! विहार तलावाकडे मोजलेला पाऊस हजारावर होता, हे विचारायला तिकडे जावं लागतं.

तेव्हा खोडू नये. शेजारी एक रकाना घ्यावा, त्यात ‘संशयित’ लिहावं, का ते लिहावं, मूळ आकडा तसाच ठेवावा. मुंबईचे पर्जन्यनाले तेव्हा ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेले होते.