परीच्या छडीचा हिशेब

भर दुपारी, घर निजलेलं असताना, गोष्टीत परी येऊन उभी राहते आणि पेन अडतं. हिला नेमकं येतं तरी काय?

सगळंच येत असेल तर गोष्ट दुसऱ्या परिच्छेदात संपली. म्हणून आधी काय येत नाही ते ठरवावं. फ्रेंच लेखक शार्ल पेरोने १६९७ साली ‘सिंड्रेला’ लिहिताना हे किती चोख केलंय! सिंड्रेलाच्या परीला शून्यातून रथ काढता येत नाही. त्याला भोपळा लागतो, तोही आधी कोरलेला. सहा घोड्यांना सहा उंदीर, सहा हुजऱ्यांना सहा सरडे आणि गाडीवानाला एक मिशाळ घूस. बाराच्या ठोक्यानंतर सगळं होतं तसं. मग काचेचा बूट कसा उरला? पेरो नीट वाचला तर कपडे छडी लावून बदललेले आहेत, बूट मात्र परीने वेगळे दिलेले. बदललेलं परततं, दिलेलं राहतं. पुढची सगळी शोधाशोध या फरकावर उभी आहे.

जादू राहते कुठे, हेही ठरवावं. छडीत असेल तर छडी चोरता येते. पंखांत असेल तर पाऊस वैरी. मंत्रात असेल तर घसा बसला तरी पुरे. तिन्हीकडे थोडीथोडी ठेवली की परीचं काही अडत नाही, आणि वाचक जांभया देतो.

राहिली किंमत. जादू केली की परीचं आयुष्य घटतं, हा तोडगा मला पटत नाही. दहा वर्षं घटली तरी पानावर काय दिसतं? त्यापेक्षा भूक बरी. उंची दहापट घटली की वजन हजारपट उतरतं. पन्नास किलोची बाई सोळा सेंटिमीटरची झाली तर उरते पन्नास ग्रॅम. एवढ्याशा अंगातली ऊब भराभर उडते, सतत खावं लागतं. उडून दमलेली परी मध शोधत निघाली की दोन पानं सहज भरतात.

नियम मागाहूनही घालता येतो म्हणा. जे. एम. बॅरी या स्कॉटिश लेखकाच्या ‘पीटर पॅन’ या उडणाऱ्या पोराच्या नाटकाचा पहिला प्रयोग १९०४चा. तो पाहून पोरं घरी पलंगावरून उडायला गेली आणि डॉक्टरकडे पोचली. मग पालकांच्या सांगण्यावरून अट आली: अंगावर परीची भुकटी पडल्याशिवाय उडता येत नाही. ठिगळच ते, पण काय शोभलं!

इकडची परी अजून तशीच उभी आहे. छडी की पंख, ठरलेलं नाही. भूक मात्र लागली असणार.