किल्ल्यातला दिवा

"रात्री तिथे दिवे लागतात ना गं?"

काल व्हिडिओ कॉलवर बाबांनी एवढंच विचारलं. मी धुतलेल्या कपड्यांची पिशवी खांद्यावर टाकून काळा जिना चढत होते. इंग्लंडमधल्या डरहॅमच्या किल्ल्यातला हा ओकचा जिना १६६२ सालचा. पायऱ्या एका बाजूला इतक्या कलल्यात की पाऊल आपसूक तिकडेच सरकतं. तो खचू लागला म्हणून नंतर खालून खांब दिले. बाबांनी मला तिथेच थांबवलं. "जरा तो खांब दाखव. आता कठड्याची नक्षी."

हा किल्ला १०७२ मध्ये बांधायला घेतला. १८३७ पासून इथे विद्यार्थी राहतात. पडका बालेकिल्ला १८४० मध्ये पुन्हा उभारला, तो आमच्यासारख्यांच्या खोल्यांसाठीच. त्यामुळे हो बाबा, दिवे लागतात. कुणाच्या तरी खिडकीत पहाटेपर्यंत असतो.

ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "आम्ही गड बघितले ते अंधार पडायच्या आत उतरायच्या घाईत."

रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना. लहानपणी त्यांचं बोट धरून मी किती गड चढले! पण संध्याकाळी चूल पेटलेली पाहिल्याचं फारसं आठवत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यात आजही काही कुटुंबं नांदतात, त्याचं म्हणूनच फार अप्रूप वाटतं.

डरहॅमचा किल्ला १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत आला. २०२५ मध्ये आपले १२ किल्लेही आले. ऊर भरून आला होता तेव्हा.

तुमच्या जवळच्या गडावर आज रात्री कुणी दिवा लावणार आहे का?