डावा खटका

रत्नागिरीत सायकली दुरुस्त करणाऱ्याचं खरं वैर खाऱ्या वाऱ्याशी. पंक्चर, ब्रेक हे चालूच असतं.

काका शाळेतून निवृत्त झालेत. आठवड्यातून दोनदा आरे-वारेवरून नेवऱ्याला जातात, एकवीस गिअरच्या सायकलवर. "चढाला उतरून ढकलावी लागते रे. दुसरीकडे दाखवली, तर म्हणाला नवीनच घ्या." तो सल्ला द्यायला पाना हातात धरावा लागत नाही. मी म्हटलं, मागचं 14-28चं फ्रीव्हील, म्हणजे 14 ते 28 दात्यांच्या चकत्यांचा संच, काढून 14-34 टाकू, चढ हलका होईल.

काढायला घेतलं तर हलेना. पेडल मारू तसं फ्रीव्हील आणखी आवळतं, त्यात आटे गंजलेले. रॉकेल सोडून रात्रभर ठेवलं. सकाळी पुलर, म्हणजे फ्रीव्हीलच्या खाचांत बसणारं हत्यार, टेबलावरच्या व्हाइसमध्ये धरून चाक फिरवलं, तर त्या खाचाच उडाल्या. मग पंच मारून वरची रिंग सोडवली, छर्रे टेबलभर पळाले, आतला गाभा व्हाइसमध्ये आवळला आणि चाक फिरवलं. कट्ट करून सुटला. खोटं कशाला बोलू, त्या आवाजाने छाती फुगली.

नवीन बसवलं, लांब चेन घातली, स्टँडवर गिअर टाकून बघू लागलो. हँडलवरचा डावा खटका, पुढचे गिअर बदलणारा, दाबला, तर दाबला जाईना.

"काका, हा कधी वापरलात?"

"पहिल्या पावसातच घट्ट झाला. उजवीकडे सात आहेत की!"

केबल आवरणात गंजून बसलेली. पुढे पेडलपाशी 42, 34, 24 दात्यांची तीन चेनव्हील, आणि काका कायम मधल्यावर. दुकानदार 21 आकडा दाखवून सायकल विकतात, डावा हात कशाला ते सांगत नाहीत.

मी फळीवर खडूने गणित मांडलं. 26 इंची चाक एका फेऱ्यात जवळपास दोन मीटर जातं. पुढे 34, मागे 28 म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला अडीच मीटर; हे जितकं कमी, तितका चढ हलका. माझ्या नव्या फ्रीव्हीलने ते दोनवर आलं. जुनंच ठेवून पुढे 24 टाकलं असतं, तर पावणेदोन! नुसत्या केबलचं काम, आणि चढ त्याहून हलका. पण जुनं फ्रीव्हील तोवर भंगारात, माझ्याच हाताने.

केबल बदलली, तिचे पैसे घेतले नाहीत. फ्रीव्हील-चेनचे घेतले. काकांना गणित सांगितलं नाही.

आता काका न उतरता चढतात. 24 वर 34 म्हणजे दीड मीटर, बाजूने चालणारा गप्पा मारत येऊ शकेल इतक्या सावकाश. श्रेय सगळं फ्रीव्हीलला. आळीतल्या दोघांना त्यांनी माझ्याकडे धाडलंय, "मागे चौतीसच घाल" म्हणून.

त्यातला एक काल आला. मी आधी डावा खटका दाबून बघितला. दाबला गेला नाही.