तुम्ही विचारलंत म्हणून: किल्ली का दिली नाही

गेला महिनाभर दुकानात, देवळात, नणंदेच्या घरी, अगदी फोंड्याच्या बसमध्येसुद्धा एकच प्रश्न. "टीचर, लपवण्यासारखं काय नाय ना, मग पोलिसांना खोली उघडून का दिली नाय?" मी अर्धंच उत्तर देते आणि विषय बदलते, कारण पूर्ण सांगायचं तर माझंच एक जुनं प्रकरण सांगावं लागतं. आज सांगते.

आधी त्या दिवसाचं. भाडेकरूंच्या व्हेरिफिकेशनला दोन पोलीस आले होते. फॉर्म मी आधीच भरलेले, फोटो, आधारच्या झेरॉक्स, सगळं दिलेलं. मग म्हणाले खोली आतून बघायची. तिघेही भाडेकरू कुंडईच्या औद्योगिक इस्टेटीत शिफ्टला गेलेले. डुप्लिकेट किल्ली माझ्याकडे असते हे अख्ख्या वाड्याला माहीत. मी म्हटलं, ते संध्याकाळी सहाला येतात, त्यांच्यासमोर बघा, नाहीतर लेखी काहीतरी आणा. एवढंच. आवाज चढवला नाही, उलट पाणी विचारलं. ते गेले. आणि गावभर झालं की टीचर भायल्यांना, म्हणजे बाहेरून आलेल्यांना, पाठीशी घालते.

पाठीशी मी कोणाला घालत नाही. विना वॉरंट झडती घेता येते हे मलाही माहीत आहे, पण तिथेसुद्धा कारण लेखी नोंदवावं लागतं, पंच लागतात, आणि 1 जुलै 2024 पासून जो नवा कायदा आलाय त्यात तर झडतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंगही करायचं आहे. त्या दिवशी ना तक्रार होती, ना गुन्हा. नुसतं बघायचं होतं. माझ्या कपाटात कोणी नुसतं बघायला आला तर मी बघू देईन का? तुम्ही द्याल?

आता ते जुनं. काही वर्षांपूर्वी आमच्या बाजूच्या एका लहान देवळाची फंडपेटी फुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस दारात, भाड्याला कोण कोण आहे विचारत. तेव्हा मागच्या खोलीत रायचूरकडचा एक मुलगा राहायचा, पॅकिंगला कामाला, महिन्याच्या पाच तारखेला न चुकता भाडं देणारा. त्यांनी खोली दाखवा म्हणायच्या आधीच मी किल्ली घेऊन पुढे झाले होते. हे मला नीट आठवतं, कारण तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता, की बघा, आमच्याकडे काही लपवाछपवी नाही. त्यांनी त्याची पत्र्याची ट्रंक उघडली. दोन पँटी, बहिणीच्या लग्नाचा फोटो, बँकेचं पासबुक, आणि खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत रबर लावलेल्या नोटा, अकरा हजार आणि काहीतरी. मी दारात उभी राहून बघत होते. ते पैसे पगाराचे असतील, गावी पाठवायला ठेवले असतील, हे मी म्हणू शकले असते, मला माहीत होतं तो पैसे पाठवतो. मी बोलले नाही.

त्याला इस्टेटीच्या गेटवरूनच उचलला. दोन रात्री तो आला नाही. दुसऱ्या दिवशी मी यांना पोलीस स्टेशनवर पाठवलं तर उत्तर मिळालं, अटक कुठे केलीय, नुसतं चौकशीला आणलंय. हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. राज्यघटनेचं कलम 22 सांगतं की अटक केल्यापासून 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने अटकेचा मेमो करा, नातेवाइकाला कळवा हे सगळं घालून दिलंय, पण अटकच नाही म्हटलं की घड्याळच सुरू होत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला. बल्कांवच्या, म्हणजे घराच्या पुढच्या ओट्याच्या, पायरीवर बसला, चपला काढल्या नाहीत, पाय सुजून पट्ट्यात अडकले होते. डिपॉझिट परत मागितलं. मी पैसे मोजत होते तेव्हा त्याने विचारलं, "मॅडम, दरवाजा आपने खोला?" मी हो म्हटलं. तो पुढे काही बोलला नाही, ट्रंक उचलली आणि गेला. ते अकरा हजार त्याला परत मिळाले का, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

चोर कोण ते आजपर्यंत कळलेलं नाही. माझा भाऊ म्हणतो, कशावरून त्यानेच केलं नसेल? नसेल सांगता येत. पण समजा केलंच असेल, तरी त्याचे पाय सुजवायचा हक्क कोणाला होता? आणि ट्रंक उघडायला देणारी मी कोण?

दर 18 जूनला, गोव्याच्या क्रांतिदिनी, मी वर्गात आजोबांच्या लग्नाची पत्रिका घेऊन जायची. तिच्यावर पोर्तुगीज सेन्सॉरचा शिक्का आहे. लग्नाची पत्रिकासुद्धा आधी दाखवून घ्यावी लागायची. मुलांना मी सांगायची, 1946 ला मडगावात लोहिया उभे राहिले ते सभा घ्यायला, बोलायला परवानगी का मागायची म्हणून. मुक्ती त्यानंतर पंधरा वर्षांनी आली, सुरुवात झाली ती या साध्या हक्कांपासून. छान शिकवायची मी. आणि घरी येऊन किल्ली काढून दिली. आजोबांनाही त्या काळी कोणीतरी म्हणालंच असेल, पत्रिकेत लपवण्यासारखं काय आहे, मारू दे की शिक्का.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. गाव बदललंय, रात्री मीही कडी दोनदा बघते. उद्या माझ्याच खोलीतून काही भयंकर निघालं तर तुम्ही मला सोडणार नाही, आणि मी स्वतःला सोडेन की नाही तेही माहीत नाही. हे म्हणतात, तू एका मुलाचं पाप फेडायला सगळ्या वाड्याला धोक्यात घालतेस. असेलही. रात्री कधी कधी मलाही तसंच वाटतं. पण सकाळी कोणी परत किल्ली मागितली तर मी परत कागद मागणार.

त्या संध्याकाळी तिघे कामावरून आले तेव्हा त्यांच्या कानावर सगळं आलेलं होतं. मी डुप्लिकेट किल्ली त्यांच्या हातात दिली, म्हटलं तुमच्याकडेच ठेवा. त्यातल्या मोठ्याने ती परत माझ्या टेबलावर ठेवली. "रहने दो मॅडम, गॅस चालू रह गया तो कौन देखेगा?"