चाळीस मिनिटं मागताना

नवा अल्बम सुचवायचा म्हणजे समोरच्याकडे चाळीसेक मिनिटं उसनी मागायची, आणि ती परत करण्याची काही सोय नसते. कॅसेटच्या काळात ऐकणाऱ्याच्या खिशाला चाट बसायची, त्यामुळे सुचवणाराही जपून बोलायचा. आता महिन्याची वर्गणी भरली की बहुतेक सगळं फोनमध्ये हजर. खर्च होतो तो वेळच. तरी लोक "भारी आहे, ऐक" एवढंच लिहून लिंक पाठवतात आणि मोकळे होतात. काय भारी आहे, कुठल्या गाण्यापासून सुरुवात करू, याचा पत्ता नाही.

नवे अल्बम जगभर शुक्रवारी येतात, 10 जुलै 2015 पासून. त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवार असायचा, अमेरिकेत मंगळवार. सिनेमामुळे शुक्रवार आपल्या अंगवळणी पडलेला आहेच; पण सिनेमाचं काय ते संध्याकाळच्या खेळापर्यंत कळून जातं. रॉक आणि इंडीतले (म्हणजे बड्या कंपन्यांच्या बाहेर, स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांच्या संगीतातले) बरेच चांगले अल्बम पहिल्यांदा ऐकताना नुसते 'ठीक' वाटतात. म्हणून शुक्रवारी दुपारीच 'वर्षातला सर्वोत्तम अल्बम' जाहीर करणाऱ्यावर माझा विश्वास नाही. तो शुक्रवार फेब्रुवारीतला असेल तर अजिबातच नाही. मी पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबतो. मधल्या दिवसांत भाजी निवडताना एखादी धून आपण होऊन तोंडात आली, तरच अल्बम पुढे सरकवायचा. आणि सरकवताना तो कुठे रेंगाळतो तेही सांगायचं. दोष न सांगता केलेली शिफारस मला जाहिरातीसारखी वाटते.

'द क्युअर' या ब्रिटिश रॉक बँडचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' नोव्हेंबर 2024 मध्ये आला, आधीच्या अल्बमनंतर तब्बल सोळा वर्षांनी. गाणी आठच. पहिल्या गाण्यात गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज यायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. तोवर ड्रम, गिटार आणि सिंथेसायझरचा संथ लोंढा. सवाई गंधर्वला वर्षानुवर्षं हजेरी लावणाऱ्या एका मित्राला ऐकवला, तर त्याची काहीच तक्रार नव्हती. विलंबित ख्यालात मुरलेल्या माणसाला तीन मिनिटांचं काय! भाच्याचा मात्र फोन आला, "मामा, हे अडकलंय का?"

या भाच्याशी माझी देवाणघेवाण चालते. मी त्याला एम. जे. लेंडरमनचा 'मॅनिंग फायरवर्क्स' दिला. लेंडरमन नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलचा. रडवेल्या आवाजात विनोद करतो आणि गिटार जराशी मोडकी वाटेल अशी वाजवतो. सोबत सूचना दिली : शेवटचं गाणं दहा मिनिटांचं आहे, त्यातला मोठा भाग नुसता गुंजारव आहे, कंटाळा आला तर बंद कर, मी विचारणार नाही. त्याने पूर्ण ऐकलं. बंद करायची मुभा दिली की माणसं बहुधा शेवटपर्यंत थांबतात. "शेवटपर्यंत ऐकच" म्हटलं की दुसऱ्या गाण्यातच पळतात.

उलट बाजूने त्याने ब्रुकलिनच्या 'गीझ' या तरण्या पोरांच्या बँडचा 'गेटिंग किल्ड' पाठवला, 2025 च्या सप्टेंबरातला. "पहिलं गाणं शेवटी ऐक," असं बजावून. अर्थात मी पहिलं पहिलंच ऐकलं. त्यात गायक बेंबीच्या देठापासून असा काही ओरडतो की स्वयंपाकघरातून चौकशी झाली. पोराने माझं वय आणि आमचं घर, दोन्ही ध्यानात घेऊन सल्ला दिला होता. ही जाण ॲपच्या यादीला कुठून यायची? कालपर्यंत मी काय ऐकलं ते तिला ठाऊक असतं. घरात कोण झोपलंय ते नसतं.

दिल्लीच्या 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी' या बँडचा 'बीटा' मात्र मी कुणालाही बिनधास्त देतो. त्यांच्याकडे ट्रम्पेटचा असा सढळ वापर असतो की इंग्रजी गाण्यांना नाक मुरडणारी मंडळीही मान डोलावतात.

माझं खरं घोडं अडलंय ते 'सिंडी ली'च्या 'डायमंड ज्युबिली'पाशी. कॅनडाच्या पॅट्रिक फ्लेगलचं 'सिंडी ली' या टोपणनावाने केलेलं हे काम, 2024 चं. बत्तीस गाणी, दोन तासांहून जास्त. आलं तेव्हा स्पॉटिफायवर नव्हतंच; यूट्यूबवर एक सलग लांबलचक व्हिडिओ, नाहीतर जुनाट दिसणाऱ्या एका वेबसाइटवरून फाइली उतरवून घ्यायच्या. साठच्या दशकातला रेडिओ शेजारच्या खोलीत लागलाय असा त्याचा आवाज. मधली काही गाणी एकमेकांत मिसळून जातात, हे मान्य. तरी गेल्या काही वर्षांतलं माझं हेच सगळ्यात लाडकं. पण दोन तास मागायचे कुणाकडे?

गणपतीला भाचा माझ्याच गाडीतून कोकणात येणार आहे. फाइली मी फोनमध्ये उतरवून ठेवल्यात. दोन तास तर माणगावच्या कोंडीतच निघतील.