नॅकची ग्रेड कोणी विचारली नाही, अडलं ते पासिंगच्या लेटरवर (जर्मनी मास्टर्स, माझा अनुभव)

आमच्या कॉलेजच्या गेटवर नॅक (कॉलेजांची क्वालिटी तपासून ग्रेड देणारी आपली सरकारी संस्था) ए प्लस प्लसचा भला मोठा फ्लेक्स आहे. ४ पैकी किमान ३.५१ स्कोअर लागायचा त्याला, आम्हालाही कौतुक होतं. जर्मनीच्या अख्ख्या प्रोसेसमध्ये त्याबद्दल मला एकानेही विचारलं नाही. त्यांचा अनाबिन म्हणून परदेशी युनिव्हर्सिटींच्या मान्यतेचा डेटाबेस आहे, त्यात युनिव्हर्सिटीच्या नावापुढे एच प्लस दिसलं की मान्यता आहे, विषय संपला. कॉलेजचं नाव शोधत बसू नका, डिग्री देणारी युनिव्हर्सिटी शोधा. तिकडे कॉलेजला अशी ग्रेडच नसते, एकेक कोर्स तपासतात नाहीतर युनिव्हर्सिटीची स्वतःची तपासणीची सिस्टीम तपासतात, एकदा पास झालं की ८ वर्षं चालतं.

एपीएसचं सर्टिफिकेट (आपली डिग्रीची कागदपत्रं खरी आहेत का ते तपासून देतात) नोव्हेंबर २०२२ पासून कंपल्सरी आहे, ते आरामात आलं.

अडलं कुठे तर पासिंगवर. जर्मनीत १ म्हणजे बेस्ट आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपला सीजीपीए (१० पैकी सरासरी ग्रेड) त्यात बसवायला बव्हेरियन फॉर्म्युला लावतात, म्हणजे १० मधून तुमचा सीजीपीए वजा, त्याला १० वजा पासिंगने भागायचं, मग गुणिले ३ आणि अधिक १. माझा सीजीपीए ७. पासिंग ४ धरलं तर येतात २.५, आणि ५ धरलं तर थेट २.८. कोर्सची अट होती २.५! आणि माझ्या मार्कशीटवर किमान पासिंग किती ते कुठेच छापलेलं नाही, मग युनिव्हर्सिटीचं लेटर आणा.

परीक्षा विभागातले काका म्हणाले, "असं लेटर आम्ही देत नाही, फॉरमॅटच नाही." मग इनवर्डला अर्ज टाका, मग साहेब मीटिंगमध्ये, मग टेबल बदललं, नवीन मॅडम म्हणे अर्ज परत द्या, आणि शेवटी कळस म्हणजे "सगळा स्टाफ नॅकच्या कामात आहे हो, टीम येऊन गेली की या." म्हणजे क्वालिटी तपासायला माणसं येणार म्हणून विद्यार्थ्याचं काम बंद! मी तिथेच हसलो, मॅडमना ते आवडलं नाही.

डेडलाइन जवळ आली तशी माझी झोप उडालेली. मग लेटर मीच टाइप केलं, युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवरून परीक्षेच्या नियमांची प्रिंट काढली, पासिंग ४ वाल्या ओळीवर हायलाइटर मारला आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये. दोन मिनिटांत सही-शिक्का. दोन मिनिटांत!! तुम्ही पहिल्याच दिवशी टाइप करून न्या, दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या.

अजून एक, आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव, पासपोर्टवर वेगळंच. त्यासाठी ॲफिडेव्हिट आधीच करून ठेवा, मला ते शेवटच्या आठवड्यात करावं लागलं.