आकाशावरचं गाव आणि अण्णांचा प्रश्न

सोलापूर सपाट, किल्लासुद्धा भुईकोट. त्यामुळे कॉर्दच्या दगडी चढावर माझे पाय लवकरच बोलायला लागले.

दक्षिण फ्रान्समधलं हे डोंगरमाथ्यावरचं गाव तुलूझच्या सातव्या रेमंडनं 1222 मध्ये वसवलं. कापड आणि कातड्याच्या धंद्यावर ते श्रीमंत झालं. पहाटे खालच्या सेरू नदीच्या खोऱ्यात धुकं भरतं आणि गाव वर तरंगत राहतं. म्हणून 1993 पासून नाव झालं कॉर्द-स्युर-सिएल, आकाशावरचं कॉर्द. मंडईच्या छपराखाली 100 मीटरहून खोल विहीर आहे. चार दिवसांआड येणाऱ्या नळावर वाढलेला मी तिच्यापाशी बराच वेळ उभा राहिलो.

पण जीव अडकला तो भरतकामाच्या यंत्रात. 19व्या शतकाच्या अखेरीस ही यंत्रं स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालनहून इथं आली. कारागीर एका हातानं मोठ्या केलेल्या नक्षीवरून टोक फिरवतो, आणि समोर ओळीनं लावलेल्या सुया तीच नक्षी लहान करून कापडावर एकदम उमटवतात. आमच्या चादरीच्या जेकार्ड मागाला पुठ्ठ्याची भोकं वाट दाखवतात, इथं माणसाचा हात.

अण्णांनी चाळीस वर्षं चादरी विणल्या. घरी आल्यावर त्यांना मी भरतकामाचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा चढवला, बोटानं फोटो मोठा केला आणि म्हणाले, "उलट्या बाजूचा फोटो काढला नाहीस व्हय? विणणाऱ्याचा हात तिथं कळतोय."

तो फोटो मी काढलाच नव्हता.